मोठीची पेटी, बेबाबाईचं गाठोडं

"आई, तुम्ही पण चला धुळ्याला. जुन्या पेट्यांमधलं तुम्हाला कळतं," असं सून म्हणाली तेव्हा बेबाबाईला हसू आलं. कळत होतं, खोटं कशाला बोला. उभ्या जन्मात तिने एकच पेटी नीट पाहिली होती. सतरा-अठरा वर्षं तिच्याभोवती झाडलं होतं, सारवलं होतं, आणि एकदाही तिला बोट लावलं नव्हतं.

सून म्हणजे दिपमाला. जळगावला शाळेत शिकवते. बेबाबाईचा मुलगा किरण पतपेढीत आहे. दोघांनी मिळून शहराच्या कडेला नवा फ्लॅट घेतला होता, आणि त्याच्या हॉलमध्ये दिपमालाला जुन्या काळची, पितळी पट्ट्यांची पेटी ठेवायची होती. मोबाइलमध्ये पेट्यांचे फोटोच फोटो. बेबाबाईला वाटलं, काय तरी जमाना! आमची जिंदगी जुनं घराबाहेर काढण्यात गेली, आणि ही नवं घर घेऊन त्यात जुनं भरायला निघाली. पण सुनेच्या घरात सासूने निम्मं बोलावं, निम्मं गिळावं, म्हणजे दोघींचंही पोट ठीक राहतं.

बेबाबाई लग्न होऊन धरणगावजवळच्या खेड्यात आली ती बिजवरावर. वडील सालदार. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बापाने प्रथमवर शोधावा तरी कुठे? रुपचंदची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेलेली, मागे दोन वर्षांची पोर, पुष्पा. घरी सोळा-सतरा एकर कपाशी, विहीर, बैल. बाप म्हणाला, "खाऊन-पिऊन सुखी राहशील." बेबाबाईने आईच्या जुन्या लुगड्यात आपलं सामान बांधलं. दोन लुगडी, फणी, हाताएवढा आरसा, कुंकवाचा करंडा. ते गाठोडं मांडीवर घेऊन ती बैलगाडीत बसली.

उंबऱ्यावर सासूने थांबवलं. माप ओलांडायच्या आधी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती.

"ही मोठी शे," सासू म्हणाली. "आधी तिनं, मंग तुनं. ध्यानमा ठेव."

पहिली बायको मेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात बांधायचा, अशी आपल्याकडची रीत. मेलेली कोपू नये म्हणून. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. पहिला आंबा तिचा, पहिला मांडा तिचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, तेव्हा तिच्या नावाची घागर दुसरीनेच भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि हात जोडायचे. बेबाबाईने हे सगळं केलं. जी कधी भांडली नाही, कधी बोलली नाही, अशा सवतीशी भांडणार तरी काय? जिवंत सवतीच्या निदान झिंज्या धरता येतात.

आणि मधल्या खोलीत पेटी होती.

मोठी फैजपूरकडची. तिच्या बापाची केळीची बाग. पोटी मुलं जगत नव्हती म्हणून ही झाल्या झाल्या तिला सुपात घालून उंबऱ्यापुढे ठेवली आणि उचलून घेतली. म्हणून नाव सुपडाबाई. एवढ्या नवसाची पोर, मग बापाने हात सैल सोडून दिलेलं. सागाची चाकांची पेटी, दोन माणसांना न उचलणारी, अंगभर पितळी फुल्या ठोकलेली, कडीला मोराचं डोकं. ती पेटी घरात यायला दाराची चौकट काढावी लागली होती, असं गावात अजून सांगत. किल्ली सासूच्या कमरेला. ते सगळं पुष्पाचं, पुष्पा सासरी जाईल तेव्हा तिच्यासोबत जाईल, असं ठरलेलं.

बेबाबाईचं गाठोडं घडवंचीवर राहिलं, अंथरुणांच्या चळतीवर. दिवसा गाठोडं, रात्री उशी. पुष्पाला आईविना झोप यायची नाही. ती रडत रडत बेबाबाईजवळ यायची आणि त्या गाठोड्यावर डोकं ठेवून झोपायची. सासूने पोरीला शिकवलं होतं, "हिला मावशी म्हण. आई तुनी पेटीमा शे." पोर पेटीकडे बघायची आणि बेबाबाईच्या पदराला धरायची.

सासू वाईट नव्हती, हे सांगायला हवं. तिचं एकच होतं, मेलेल्या सुनेचं काही कमी होऊ द्यायचं नाही. जिवंत सुनेचं ती स्वतः बघून घेईल, असं तिला वाटत असावं.

वर्षातून एकदा, आखाजीच्या आधी, पेटी उघडायची. सासू एकेक साडी काढून बाजेवर उन्हात टाकायची. बेबाबाई कडुनिंबाचा पाला खुडून आणायची आणि लांबून द्यायची. हात घालायचा नाही. कापराचा वास अंगणभर व्हायचा. एका वर्षी तिने मोठीची चोळी पाहिली, आणि पाहतच राहिली. एवढीशी! धाकट्या बहिणीला होईल एवढी. चोळीखाली काचेच्या मण्यांचं तोरण होतं, अर्धंच ओवलेलं. दोन पोपट पुरे झालेले, तिसऱ्याचं नुसतं शेपूट. दोऱ्यात सुई तशीच अडकलेली.

"अर्धं का राहिलं?" बेबाबाईने विचारलं. एवढंही विचारायचं नव्हतं.

सासूने तोंड फिरवलं. "दिवस भरनात," म्हणाली आणि झाकण लावलं.

एकदा, फक्त एकदाच, बेबाबाईने नवऱ्याकडे मागितलं. किरण पोटात होता तेव्हा. "माझं सामान उंदीर कुरतडतात. मला पण एखादी पेटी हवी होती." रुपचंद कमी बोलणारा माणूस. 'हो' म्हणायचं असेल तर खाकरायचा, 'नाही' म्हणायचं असेल तर चिलीम शोधायचा. त्या दिवशी खाकरला. पुढच्या बाजाराला धरणगावहून पत्र्याची पेटी आली. हिरवी, झाकणावर गुलाबाचं फूल. बेबाबाईने घरात नेली, आणि रीत ती रीत, आधी टाकापुढे ठेवली. हळदीकुंकू वाहिलं.

सासू बघत होती. "दाखाडी ना मोठीले? मंग ती मोठीनी झाली. मोठीनं ते पुष्पानं," म्हणाली, आणि पुष्पाची दप्तरं, झगे त्या पेटीत गेले. सासूला काही चुकलं असं वाटलं नाही. बेबाबाईने झगे घडी करून दिले. तिनेच तर दाखवली होती. रुपचंदने पेटीकडे पाहिलं, बेबाबाईकडे पाहिलं आणि चिलीम शोधायला गेला.

तेव्हापासून तिच्या मनात एवढंच राहिलं, की कधीतरी एक झाकण असावं जे पहिल्यांदा आपण उचलावं. सोनं नको, नाणं नको. नुसतं झाकण.

पुष्पाचं लग्न रावेरला झालं. पेटी ट्रॅक्टरमध्ये चढवली तेव्हा पुन्हा चौकट काढली. पोर गेली त्याचं रडू आणि पेटी गेली त्याचं सुटलेपण, दोन्ही एकदमच आलं, आणि बेबाबाईला स्वतःचीच लाज वाटली. मधल्या खोलीत चाकांचे चार खड्डे राहिले. जागा मोकळी झाली होती, आता तिथे काहीही ठेवता आलं असतं. पण हाताला वळण पडलेलं. ती त्या जागेच्या कडेकडेनेच सारवत राहिली.

मग सासू गेली. किरण शिकला, जळगावला लागला. मग रुपचंदही गेला. बायका मंगळसूत्र उतरवायला बसल्या तेव्हा टाकाशी येऊन अडखळल्या. हा काढायचा की ठेवायचा, कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊबंदांतले जुने-जाणते जीवराम नाना बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांना विचारायला पोर धाडलं. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नवरा गया, सौत थोडीच गयी?"

अशी बेबाबाई जळगावला आली. एक गाठोडं आणि एक सवत.

*

धुळ्याला ती जागा म्हणजे मोठं पत्र्याचं गोदाम. आत दरवाजे, झोपाळे, खांब, देव्हारे, पाळणे, सगळं एकमेकांवर चढलेलं. मालक हिलालभाऊ, पोट पुढे आणि बोलणं त्याच्याही पुढे.

"या अक्का, बसा! या झोपाळ्यावर बसा. सव्वाशे वर्षांचा आहे, तुमच्यापेक्षा मोठा!"

"मंग मोठा मानूसवर बसतस का रे भाऊ?" बेबाबाई म्हणाली आणि खाली पोत्यावर बसली.

हिलालभाऊ एवढा हसला की आतलं कबुतर उडालं.

दिपमालाची नजर आत शिरताच चाकांच्या पेटीवर गेली. पितळी फुल्या, मोराची कडी. बेबाबाई पोत्यावरून उठली. ती मोठीची नव्हती, हे तिला लगेच कळलं. मोठीच्या पेटीचा मोर डावीकडे बघायचा, हा उजवीकडे. पण बहीण म्हणावी इतकी तशीच. दिपमाला झाकण उघडत होती, हात फिरवत होती, फोटो काढत होती. बेबाबाई त्या पेटीला वळसा घालून पलीकडे गेली. मधे जागा होती तरी वळसा घालूनच.

"हात लावा ना अक्का, खात नाही ती!"

"लावस, लावस," बेबाबाई म्हणाली आणि हात पदरात घेतला.

"आई, सांगा ना, चांगली आहे की नाही?"

विचारलंच आहे तर सांगावं. मडकं घेताना बाई उलटं करून बघते, मग पेटी का नको? "भाऊ, जराशी कलती करी दखाड."

दोघा माणसांनी पेटी कलती केली. बूड पांढरट, भुसभुशीत.

"आंब्याचं आहे," हिलालभाऊ डोकं खाजवत म्हणाला. "वरून साग, बुडाला आंबा. त्या काळी बहुतेक असंच करायचे. बूड कोण बघतं?"

"मला काय त्यात धान्य भरायचंय?" दिपमाला म्हणाली. "वर दिवा ठेवायचा, फुलदाणी ठेवायची." आणि किरण आणि हिलालभाऊ भावावरून घासाघीस करायला लागले.

बेबाबाईचे पाय दुखत होते. ती आत सरकली आणि कोपऱ्यात एका ठोकळ्यावर बसली. बसल्यावर कळलं, तीही पेटीच. बिनचाकाची, बिनपितळेची, एक बिजागरी गेलेली आणि तिथे तार गुंडाळलेली. सहज झाकण उचललं तर सणसणीत शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

"अक्का, तिच्यात मिरच्या होत्या!" हिलालभाऊ ओरडला. "दोनदा धुतली, ठसका जात नाही. कुणी घेत नाही म्हणून पडली आहे."

बेबाबाईने डोळे पुसले आणि पुन्हा आत डोकावली. कापराचा वास नव्हता. डाव्या बाजूला करंडा मावेल एवढा छोटा खण. तिने बुडाला हात घातला, नखाने खरवडलं. बूडही सागाचंच. कुणी गरिबाने आपल्या पोरीसाठी केली असावी, दिसायला काही नाही पण खालपर्यंत खरी. झाकण तिने लावलं, पुन्हा उचललं.

"माले ही जोयजे," ती म्हणाली.

दिपमाला आली. वाकून बघितलं. "आई, ही हॉलमध्ये नाही हो शोभणार."

"हॉलसाठी नही. मन्हासाठी."

"पण तुमच्या खोलीत अख्खं लोखंडी कपाट दिलंय ना तुम्हाला?"

"दिन्हं शे ना, बेटा. पन त्यामा स्वप्नीलना स्वेटर शेतस, इस्तरी शे, दिवाळीनी लायटिंग शे. मन्हं लुगडं काढाले गई तर आकाशकंदील आंगवर पडस."

दिपमाला हसायला लागली, आणि मधेच थांबली. नातवाचे स्वेटर तिनेच तिथे ठेवले होते. किरण घासाघीस सोडून आला. आईकडे बघत राहिला. त्याला जन्मात आठवत नव्हतं, आईने कधी कशाला बोट दाखवून 'हे मला हवं' म्हटल्याचं. सासरच्या पंगतीत बसल्यासारखीच बसायची ती मुलाच्या घरी, वाढलं ते खाणारी.

"हिच्यात मी स्वेटर ठेवू देणार नाही, बरं का," बेबाबाई आता मराठी शाळेतल्यासारखं स्पष्ट बोलली, म्हणजे सुनेला नीट कळावं.

"नाही ठेवणार, आई," दिपमाला हळू म्हणाली. "किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

टेम्पोत दोन्ही पेट्या चढल्या. हिलालभाऊने निघताना मिरचीच्या पेटीला कुलूपकिल्ली आपल्याकडून दिली. "अक्का, शिंक आली की माझी आठवण काढा," म्हणाला.

*

जळगावला पेट्या वर आल्या तेव्हा बेबाबाईने एक गोष्ट केली. टाक फिरवून पाठीवर टाकला, पदराखाली. मोठीने बघू नये म्हणून. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिची एक वस्तू घरात आली जी टाकाला दाखवली नाही. बेबाबाईने मनातल्या मनात सांगितलं, रागावू नको बाई. गुलाबाची दिली होती ना तुला? ही नाही देणार.

पेटी तिच्या खोलीत खिडकीखाली बसली. आता गाठोडं सोडायचं आणि आत लावायचं, एवढंच. पण होईना. दिपमाला शाळेत आणि किरण पतपेढीत गेला की ती दार लोटून पेटीजवळ बसायची. किल्ली फिरवायची, झाकण उचलायची, शिंकायची, लावायची. खालच्या मजल्यावरच्या बाईने विचारलंसुद्धा, "आजींना सर्दी बरी होत नाही का?" गाठोडं मात्र पलंगावरच. टाक पाठीला टोचायचा, कुशीवर वळलं की जास्तच. बेबाबाईने ठरवलं, वास्तुशांत होऊ दे. देव-ब्राह्मण घरात येऊन गेले की मन घट्ट करून सामान लावायचं.

वास्तुशांतीला रावेरहून पुष्पा आली. आता पंचावन्नची, गुडघ्याने हैराण. मुलगा पियुष गाडी घेऊन सोबत, केळीचा अख्खा घड आणि वेफर्सचा डबा घेऊन. पुष्पाने हॉलमध्ये पाय ठेवला आणि थबकली. पितळी पेटीवर दोन्ही हात ठेवले.

"अगं बाई! अगदी माझ्या आईच्या पेटीसारखी!"

बेबाबाई सांजोऱ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 'माझ्या आईच्या.' बरोबरच होतं. चूक काहीच नव्हतं. तिने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"ताई, ती पेटी कुठे आहे हो?" दिपमालाचे डोळे चमकले. "दोन्ही शेजारी शेजारी काय दिसतील!"

पुष्पा आणि पियुष एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"मामी, ती कधीच गेली," पियुष म्हणाला. "पप्पांनी ती शेतावरच्या शेडमध्ये नेऊन टाकली होती. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, सगळं तिच्यात. मागच्या वर्षी शेड पाडलं. मी आणि सुकदेवदादा, आमचा गडी हो, दोघांनी दोन बाजूंनी उचलली, तर आम्ही पेटी घेऊन उभे आणि बूड आपलं जमिनीवरच! खालून पार वाळवी!"

सगळे हसले. किरण म्हणाला, "बुडाला आंबा असणार!" आणि पुन्हा हसले. पुष्पा डोळे पुसत हसत होती. "वरचा साग तेवढा कोरडा खडखडीत. माझ्या ऋतिकाचं लग्न होतं. मांडवात हळदीचं पाणी तापवायला तोच घातला चुलीत. म्हटलं, आजीच्या लाकडाने नातीची आंघोळ झाली. पितळ मोडीत गेलं."

बेबाबाईने ताट पेटीवर ठेवलं. हात लागला पितळेला, तिचं लक्ष नव्हतं.

"अन् साड्या?"

"विरल्या हो मावशी. गोधड्या केल्या, त्याही विरल्या."

"अन् तोरण?"

"कोणतं तोरण?"

"मण्यांचं. पोपटाचं. दोन पुरे अन् तिसऱ्याचं शेपूट."

पुष्पाने आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "नाही बाई. माझ्या तर पाहण्यात नाही. असेल, उंदरांनी नेलं असेल." मग सांजोरी मोडता मोडता म्हणाली, "मावशी, तुम्ही पाहिलं होतं का हो माझ्या आईला? मला नाक-डोळे काहीच आठवत नाहीत. फोटो पण नाही एक."

"नाही गं. मी कुठून पाहणार? ती गेली म्हणून तर मी आली."

"हो, ते पण खरंच," पुष्पा म्हणाली, आणि गोष्ट पंगतीच्या ताटांवर गेली.

जेवणं झाली. दुपारी पाहुणे पांगले, पियुष आणि किरण हॉलमध्ये पंख्याखाली आडवे झाले. पुष्पा म्हणाली, "मावशी, जरा पाठ टेकते तुमच्या खोलीत." पलंगावर उशी होती, चांगली कापसाची, अभ्रा घातलेली. पुष्पाने ती बाजूला सारली, गाठोडं ओढलं, त्यावर डोकं ठेवलं आणि दोन श्वासांत झोपली. तोंड जरा उघडं, दोन वर्षांची असताना झोपायची तशीच. केस पांढरे, एवढाच फरक.

बेबाबाई पेटीजवळ खाली बसली. आज सामान लावायचं ठरलं होतं. पण सामान पुष्पाच्या डोक्याखाली. ओढलं तर जागी होईल.

तिने पाठीवरचा टाक पुढे घेतला. कितीतरी दिवसांनी नीट पाहिला. आकृती उरली नव्हती. नाक, डोळे, हातातलं फूल, सगळं बेबाबाईच्याच छातीवर घासून घासून सपाट झालं होतं. नुसता चांदीचा तुकडा. पेटी जळाली, साड्या विरल्या, तोरणाचं कुणाला नावही नाही. लेकीला तोंड आठवत नाही, नवरा गेला, सासू गेली. त्या चोळीचं माप आता या जगात एका बेबाबाईलाच ठाऊक होतं. ती डोळे मिटेल त्या दिवशी मोठी दुसऱ्यांदा मरेल, आणि मग कायमची.

आणि मोठी, मोठी म्हणायचं तरी कुणाला? गेली तेव्हा बावीसची पण नव्हती. ऋतिकाहून लहान. बेबाबाईचे दात पडले, कंबर वाकली, आणि ती तिथेच राहिली, तिसऱ्या पोपटाच्या शेपटाशी सुई धरून. एवढ्याशा पोरीला ती जन्मभर घाबरली. एवढ्याशा पोरीपासून ती पेटी लपवत होती.

बेबाबाई रडली. आवाज न करता, पुष्पा जागी होऊ नये म्हणून. स्वतःसाठी किती आणि त्या पोरीसाठी किती, ते काही वेगळं काढता आलं नसतं. आपल्यामागे कुणी टाक घालणार नाही, हेही त्यात आलंच. तिसरी कुठे आहे घालायला?

मग तिने काळा दोरा डोक्यावरून काढला. लग्नापासून पहिल्यांदा. मान अगदी हलकी लागली, सर्दी उतरल्यावर डोकं हलकं लागतं तशी. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण उचललं. नाकात ठसका गेला, तो तिने पदराने दाबला.

डावीकडच्या खणात पदराचा कोपरा फिरवून तिने धूळ पुसली. टाक तिथे ठेवला, दोरा गोल करून खाली, टोचू नये असा.

"ये, सुपडाबाई," ती हळूच म्हणाली. पन्नास वर्षांत ते नाव तिने पहिल्यांदा तोंडावाटे काढलं. "मिरचीना ठसका शे जराखा. सवय व्हई जाई तुले."

पलंगावर पुष्पा कुशीवर वळली. गाठोड्याची गाठ जरा सैल झाली होती. बेबाबाईने झाकण लावलं नाही. ती तशीच बसून राहिली, पुष्पा उठायची वाट बघत.